नळीमामा आणि जपायची चावी

नळीमामांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. म्हणाली, "काका, बाबांबद्दल सगळ्यांकडून थोडं थोडं लिहून घेतेय. घरातलं आम्ही लिहू. ऑफिसातलं तुम्ही लिहा."

"अगं, मला कुठं लिहिता येतं?"

"बाबा म्हणायचे, भाऊ बोलत नाही, पण बघतो सगळं."

यावर काय बोलणार? म्हणून बसलोय. आयुष्यभर मी कागदावरच्या चौकटी रंगवल्या, ओळी कधी लिहिल्या नाहीत. जमेल तसं लिहितो.

आमचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं थांबायचं. पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडावरची नक्षी आम्ही तिथं काढायचो. वेली, पानं, पक्षी. मोठाले कागद असत, त्यांवर बारीक चौकटी छापलेल्या, आणि एक चौकट म्हणजे कापडातला एक धागा. पानाची कड चौकटीनं चुकली तर कापडात ती कुरतडल्यासारखी दिसायची. खिडकीजवळची जागा माझी होती. दारापाशी एक बाकडं होतं, ते नळीमामांचं.

कापड मात्र आमच्याकडे विणलं जात नसे. बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मालकांच्या भावाची गिरणी होती, तिथं. आमचा कागद गिरणीत पोचला की तो समोर ठेवून पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. ते पुठ्ठे मागावर चढले की भोकं असतील तसे धागे वर-खाली व्हायचे आणि नक्षी उमटायची. मी हे सगळं ऐकून होतो. गिरणी मी पाहिलेली नव्हती. माझं काम खिडकीपाशी संपायचं.

कागद पोचवायचं काम मामांचं. पत्र्याची एक लांब नळी होती, घट्ट झाकणाची, खांद्याला अडकवायला पट्टा. म्हणून नळीमामा. मामा नेमके कुणाचे हे कुणाला माहीत नव्हतं. मालक मामा म्हणायचे, सायकलवाला मामा म्हणायचा, आणि मालकांची म्हातारी आई, जी मामांपेक्षा कितीतरी मोठी, तीसुद्धा त्यांना मामाच म्हणायची.

नळीचा एक नियम होता. मामा यायच्या आधी कधीतरी एक नक्षी पार्सलनं पाठवली होती. ती वाटेत कुणीतरी उघडून बघितली, आणि आमचं कापड मागावर चढायच्या आत आमचेच पक्षी दुसऱ्याच कुणाच्या पडद्यांवर दुकानात लटकलेले दिसले. तेव्हापासून नळी द्यायची ती गिरणीतल्या पुठ्ठामास्तरांच्याच हातात. भोकं पाडायचं खातं त्यांच्याकडे होतं.

मामांनी हा नियम असा पाळला की पुढं मालकांनाच त्याचा ताप झाला. एकदा गिरणीच्या फाटकाशी मालकांचे भाऊ स्वतः उभे होते. त्यांनी सहज हात पुढे केला. मामांनी नळी मागे घेतली.

"मास्तरांना बोलवा."

"अहो, मास्तर दाढ काढायला गेलेत. द्या इकडे. गिरणी माझी आहे!"

"गिरणी तुमची. नळी मास्तरांची."

मग मामा नळी मांडीवर घेऊन फाटकाशी बसून राहिले. मास्तर आले ते गाल सुजवून, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला, तरी मामा नळी देईनात. "काहीतरी बोला. बोलल्याशिवाय मला कसं कळणार तुम्हीच आहात ते?" मास्तरांनी बोळा बाजूला सारून एक सणसणीत शिवी दिली. मामा म्हणाले, "हां, आता घ्या."

हे मला मामांनीच सांगितलं, आणि दर वेळी सांगताना शिवी वेगळी असायची. मास्तरांच्या शिवीतही अहो-जाहो असायचं एवढं मात्र बदलायचं नाही. दोघांनी इतक्या वर्षांत एकमेकांना एकेरी हाक मारली नाही.

नळी दिली की परतीच्या बसला वेळ असायचा. पुठ्ठ्यांच्या खात्यामागं एक बाक होता. तिथं दोघं बसायचे, मामांचा डबा उघडायचे. मास्तरांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, गिरणीजवळच एका खोलीत राहायचे. हे कळल्यापासून मामी डब्यात दोन माणसांचं भरायला लागल्या. मामींची तक्रार एकच होती. "इतकी वर्षं माझ्या हातचं खातोय तो माणूस, आणि मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. दिसतो कसा?"

मामा म्हणायचे, "पुठ्ठ्यासारखा. उंच, चपटा आणि भोकं पडलेला."

दर आठवड्याला एक फेरी. जायच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालायचे. आम्ही चिडवायचो, "मामा, मुलगी बघायला निघालात काय?" ते म्हणायचे, "मुलगी परवडली. मास्तर कॉलर बघतात."

मग कॉम्प्युटर आले. माझ्या चौकटी पडद्यावर गेल्या. मला वाटलं होतं माझं काही खरं नाही, पण चौकट ती चौकटच. रंगवायची तशीच, फक्त हाताला रंग लागेनासा झाला. आता नक्षी एका फ्लॉपीत मावायला लागली. मालक म्हणाले, खिशात घालून न्या. मामांनी ती नळीतच घातली. एवढी मोठी नळी आणि आत एक चपटी फ्लॉपी. जिना उतरताना ती खुळखुळ्यासारखी वाजायची, आणि खालचा सायकलवाला ओरडायचा, "मामा, बाळ रडतंय का?" मामा हसायचे आणि चालू लागायचे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या काळातल्या कितीतरी महत्त्वाच्या गोष्टी मी विसरलो, आणि हा खुळखुळा राहिलाय.

एके दिवशी मालकांनी मामांना आत बोलावलं. गिरणीत इंटरनेट आलं होतं, आमच्याकडेही आलं होतं. बाहेर आल्यावर मामा बाकड्यावर न बसता माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, फाइल आता तारेतून जाणार म्हणे. मी जायचं नाही."

"बरंच झालं की. त्या बसनं तुमची कंबर गेली."

"कंबरेचं राहू दे. मास्तरांकडे कसं जायचं?"

हा माणूस नोकरीची काळजी करत असेल असं मला वाटलं होतं. त्यांना भीती एकच होती, ते बाकावरचं बसणं बंद होईल.

मालक चांगले होते. त्यांनी मामांना घरी पाठवलं नाही. "पाठवायचं काम तुमचंच. आता खुर्चीवर बसून पाठवा. एक हंगाम बघू. जमलं तर उत्तम, नाही तर घरी आराम करा." बाकडं गेलं, खुर्ची आली. खुर्चीला चाकं होती. मामा पहिला आठवडाभर टेबल घट्ट धरून बसायचे.

त्यांना शिकवायला एक कॉम्प्युटरवाली मुलगी यायची. वयानं मामांच्या मुलीएवढी, बोलणं भरभर, पेनाची टोपणं चावायची सवय. मामा तिला पोरी म्हणायचे आणि ती त्यांच्यावर ओरडायची, तरी दोघांचं जमलं. आधी मालकांचा विचार साध्या मेलनं पाठवायचा होता. ती म्हणाली, नको, मेल म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचेल. तिनं दुसरा रस्ता करून दिला.

"मामा, असं समजा, इथून गिरणीपर्यंत एक बंद नळी आहे. मध्ये कुणी डोकावलं तर त्याला नुसती गिचमीड दिसणार. नक्षी निघणार ती थेट गिरणीतच."

मामांनी बराच विचार केला. "झाकण घट्ट आहे ना?"

"घट्ट आहे."

"आणि पलीकडे मास्तरच आहेत कशावरून?"

मुलगी खूश झाली. म्हणाली, हाच खरा प्रश्न आहे, लोक हाच विचारत नाहीत. पहिल्यांदा जोडताना पलीकडचा कॉम्प्युटर आपला ठसा दाखवतो, अंगठ्याचा असतो तसा. अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. ती फोन करून पलीकडच्या माणसाकडून वाचून घ्यायची. जुळली तर होय म्हणायचं, नाही तर थांबायचं.

मामांनी लगेच फोन लावला. मास्तर तिकडून वाचायला लागले. दोघांचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे अक्षरं ओळखायला त्यांनी तिथंच गिरणीतल्या वस्तूंच्या नावांची एक रीत बसवली.

"आर, रिळाचा."

"रिळाचा. पुढं?"

"डी, धोट्याचा."

"धोट्याचा डी. बरोबर."

"मग एम. मामांचा."

"मामांचा की मास्तरांचा ते नीट सांगा."

"दोघांचा एकच असतो, अहो बैल!"

मालक दारात येऊन बघत राहिले. मुलगी टोपण चावत हसत होती. माळ संपली, जुळली, मामांनी एका बोटानं होय दाबलं, आणि आमची पहिली नक्षी तारेतून गेली. पण मामा खुर्चीवरून उठेनात. "मास्तर, उघडा. उघडून बघा. पक्षी आलेत का सगळे?"

"आलेत. एकही उडालेला नाही."

"चोचीसकट?"

"ठेवा आता फोन!"

तो ठसा एकदाच जुळवायचा असतो. पुढच्या वेळी कॉम्प्युटर स्वतःच ओळखतो. मुलीनं हे मामांना चार-चारदा सांगितलं. मामा मान हलवायचे आणि दर फाइलीच्या वेळी फोन लावून ठसा वाचून घ्यायचे. ती वैतागली. "मामा, ओळख झालीय आता. पुन्हा पुन्हा कशाला?" मामा म्हणाले, "मास्तरांशी माझी ओळख इतक्या वर्षांची. तरी तोंड बघूनच नळी देत होतो ना?" यावर तिनं टोपण दुसऱ्या बाजूनं चावायला घेतलं.

मला वाटतं तिलाही कळत होतं, फोन कशासाठी आहे ते. ठसा वाचून झाला की मग गुडघ्याचं निघायचं, गिरणीतल्या नव्या साहेबाचं निघायचं, मामींनी आज काय दिलंय ते निघायचं. मामा फोनजवळ डबा उघडून बसायचे. बाकाची सर नव्हती, पण काहीतरी होतं. मीही तेव्हा हात थांबवून ऐकायचो. आता घरात माणसं कमी झाली, फोनवर कुणी एवढं बोलत नाही, तेव्हा त्या दुपारी फार आठवतात.

अडचण आली ती पासवर्डची. पाठवताना पासवर्ड टाकावा लागे, आणि मामा एकेक अक्षर दाबताना ते ओठांनी पुटपुटायचे. महिनाभरात तो आम्हा सगळ्यांना पाठ झाला, आणि एकदा सायकलवाल्यानं तो खालून म्हणून दाखवला. मुलीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, पासवर्ड बंद. चाव्या करू.

त्या दिवशी मी शेजारीच होतो. तिनं मामांसमोर चाव्यांची जोडी तयार केली. दोन छोट्या फाइली, नावं जवळजवळ सारखी. "ही एक गिरणीच्या कॉम्प्युटरवर जाणार. ही कुणाच्याही हाती लागली तरी बिघडत नाही. आणि ही दुसरी, ही जपायची. ही जीव की प्राण समजा." एवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्या तरी दुसऱ्या ऑफिसात सगळंच बंद पडलं होतं. ती पिशवी उचलून जिन्याकडे धावली, आणि जिन्यातूनच म्हणाली, "मामा, चावी तेवढी गिरणीला पाठवून द्या. कुठं ठेवायची ते मास्तरांना मी सांगितलंय!"

मामा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. संध्याकाळी निघताना म्हणाले, "भाऊ, उद्या मी ऑफिसात नाही. गिरणीत जातोय."

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून पाहिलं. मामा आमच्या गल्लीतून बस थांब्याकडे निघाले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, आणि खांद्याला नळी. नळी पुसून लख्ख केलेली. मी खाली वाकून विचारलं, "मामा, नळीत काय?"

त्यांनी वर पाहिलं. इतके खुललेले मामा मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"चावी!" म्हणाले, आणि नळी हलवली. आत पेन ड्राइव्ह वाजला.

परत आले ते संध्याकाळच्या बसनं. मास्तरांनी डबा कसा चाटूनपुसून खाल्ला, बाकाचा एक पाय कसा मोडलाय आणि तिथं विटा कशा लावल्यात, सगळं सांगितलं. त्यानंतरच्या सकाळी हंगामातली पहिली मोठी नक्षी पाठवायची होती. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, गिरणीत माग रिकामे ठेवले होते. मामांनी पाठवायला घेतली तर पडद्यावर उमटलं, परवानगी नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मुलगी धावत आली. तिनं सगळं तपासलं, मग मास्तरांना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"मास्तर, मामांनी दिलेली फाइल उघडा. पहिली ओळ काय आहे?"

"इंग्रजी आहे. बिगिन... मग काहीतरी... मग प्रायव्हेट की."

मुलीनं टोपण तोंडातून काढलं. "मामा, तुम्ही जपायची चावी देऊन आलात."

"हो."

"अहो, ती इथंच ठेवायची होती! दुसरी पाठवायची होती!"

मामा खुर्ची फिरवून तिच्याकडे वळले. "पोरी, तूच म्हणालीस ही जपायची, जीव की प्राण. मग ती हातानं न्यायची नाही तर कोणती? जी कुणालाही मिळाली तरी चालते, तिच्यासाठी मी बसचे धक्के खाऊ?"

मला तर मामांचंच बरोबर वाटत होतं. आमच्या ऑफिसात जपायचं म्हणजे दुसरा काय अर्थ होता? जी वस्तू जपायची, ती मामा घेऊन जायचे आणि मास्तरांच्या हातात द्यायचे.

मुलगी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. आता तिचा आवाज खाली आला होता. "मामा, गिरणीकडे आपण कुलूप पाठवतो असं समजा. त्याची किल्ली फक्त या कॉम्प्युटरात. किल्ली एकदा बाहेर गेली की ती गेलीच. मग ती जोडीच टाकून द्यावी लागते."

"मग आधीच कुलूप म्हणायचं ना."

"म्हणायला हवं होतं. घाईत चुकले मी."

"पण किल्ली गेली कुठं? मास्तरांकडेच तर आहे."

"मास्तरांकडे आहे म्हणजेच बाहेर गेली. मास्तर कितीही चांगले असू देत. या कामात तेही परकेच."

फोनमधून आवाज आला, "परका? कोण परका? काल दुपारी मी यांच्या घरचं जेवलोय! चावी माझ्या गळ्यात आहे, दोऱ्यात बांधून! आंघोळीलासुद्धा काढली नाही!"

मुलीला हसावं की रडावं कळेना. मामा मात्र हसले नाहीत. परके हा शब्द त्यांना लागला. त्यांनी पुन्हा टेबल घट्ट धरलं.

नवी जोडी झाली, कुलूप तिकडे गेलं, किल्ली इथं राहिली, आणि दुपारपर्यंत नक्षी पोचली. नुकसान काही झालं नाही. मालक आले, त्यांनी काय घडलं ते विचारलं. मुलीनं सरळ सांगितलं, चूक तिची, तिनं अर्धंच सांगितलं होतं. मालक रागावले नाहीत, उलट नळीतून चावी नेल्याचं ऐकून त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी सहज विचारलं, "आता चाव्या झाल्या म्हणजे पाठवायला इथं कुणी बसायची गरज आहे का?"

ती मामांकडे बघत नव्हती. पण खोटं बोलायचं तिच्या स्वभावात नव्हतं. "नाही. नक्षी त्या फोल्डरमध्ये टाकली की आपोआप जाईल. पोचल्याची खूणही आपोआप येईल."

हंगाम संपला तसे मामा निवृत्त झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मामा म्हणाले, "आता घड्याळ देताय, जेव्हा मला कुठली बस चुकायची नाही." सगळे हसले. कॉम्प्युटरवाली मुलगी मुद्दाम आली होती, ती हसली नाही. खुर्चीवर पुढं प्रिंटर ठेवला गेला.

माझं घर त्यांच्याच गल्लीत, थोडं पुढं. ऑफिसातून येताना मी डोकवायचो. मामा दिवसभर घरात. मामी म्हणायच्या, "भाऊ, यांना कुठं तरी घेऊन जा. मी स्वयंपाक करायला लागले की हे मागं उभे. भाजी चिरली की म्हणतात, तुकडे सारखे नाहीत. इतकी वर्षं कधी बघितली होती भाजी?"

मी म्हटलं, "मामा, मास्तरांकडे जाऊन या की एकदा."

"काय घेऊन?"

"काही नको. असंच."

"असंच कसं? फाटकाशी विचारतात. काय काम सांगू?"

आणि तिकडे मास्तरांचंही तेच. नक्षी पोचल्याची खूण आपोआप येत होती, तरी दर नक्षीनंतर त्यांचा ऑफिसात फोन यायचा. फोन आता माझ्या टेबलावर होता. मला फोनवर बोलायचा फार संकोच. "पोचली. मामांना सांगा," एवढंच ते म्हणायचे, मी हो म्हणायचो, आणि संध्याकाळी मामांना सांगायचो, "पोचली." मामा विचारायचे, "पक्षी?" मी म्हणायचो, "सगळे." एकदा मी धीर करून मास्तरांना म्हटलं, "घरचा नंबर देतो, तुम्हीच बोला ना." ते म्हणाले, "घरी फोन करून काय बोलू? काम काय सांगू?"

मग एक दिवस त्यांनी पोचली म्हटल्यावर फोन ठेवला नाही. गिरणीत नवे माग आले होते, त्यांना पुठ्ठे लागत नव्हते. पुठ्ठ्यांचं खातं बंद होणार होतं. "मी पुतण्याकडे जातोय राहायला. लांब आहे. या महिन्यातच."

"मामांना सांगू?"

"नको." मी फोन ठेवणार तोच म्हणाले, "सांगा."

मी सांगितलं तेव्हा मामा खिडकीत बसले होते. म्हणाले, "भाऊ, तुझ्याकडचा एखादा जुना नक्षीचा कागद दे. तेवढा पोचवून येतो."

मी देणारही होतो. माझ्याकडे घरी एक-दोन होते. पण आतून मामी आल्या, हाताला पीठ लागलेलं. "कागद कशाला? त्याला आता कागदाचं काय करायचंय? खातं बंद होतंय त्याचं. तुम्ही जा."

"अगं, नुसतं जाऊन..."

"नुसतंच जा! आणि भाऊ, तूही जा बरोबर. नाही तर हे थांब्यावरून परत येतील."

आम्ही गेलो. बसमध्ये मामांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. मांडीवर ठेवायचे, समोरची दांडी धरायचे, मधूनच खांद्यावरून पट्टा सारल्यासारखं करायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, मी पाहिलं की काय म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या वाटेवर एक मोठा पूल लागतो, हे मला तेव्हा कळलं. मामांनी इतक्या वर्षांत त्याचं नावही काढलं नव्हतं.

गिरणीच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. "काय आणलंय?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोललो नाही. मला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोललो नसतो.

"काही आणलं नाही," मामा म्हणाले. "मास्तरांना भेटायचंय."

"काम काय आहे?"

"काम नाही." आवाज थोडा चढला. "भेटायचंय."

पहारेकऱ्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि फाटक उघडलं.

पुठ्ठ्यांच्या खात्यात ढीग लागले होते. दोन माणसं जुने पुठ्ठे बांधून बाहेर नेत होती. मास्तर एका ढिगाशी ओणवे होते. त्यांनी मान वर केली, मामांना पाहिलं, मग त्यांच्या खांद्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं.

"आज काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"असाच आलो."

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. फार वेळ पुसला. मग माझ्याकडे वळले. "आणि हे कोण?"

"हा भाऊ. नक्षी हाच काढायचा."

"तुम्ही होय? तुमच्या त्या हिरव्या चौकटींनी डोळे गेले माझे. दुसरा रंग नव्हता घरात?"

मी म्हटलं, "पानं होती हो ती." दोघं जोरात हसले. माझ्या बोलण्यावर एवढं कुणी क्वचितच हसलं असेल.

नवे माग बघून येतो असं सांगून मी निघालो. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. एका मागावर माझा पक्षी विणला जात होता, धाग्याधाग्यानं, शेपटीकडून सुरू होऊन. मी तिथं किती उभा राहिलो कोण जाणे. परत आलो तर दोघं मागच्या बाकावर बसलेले. मला पाहून मामांनी सरकून जागा केली.

मी म्हटलं, "मामा, बसची वेळ झाली."

"जाऊ दे. पुढची असेल."

मास्तर सांगत होते, पुतण्याचं घर कसं आहे, वर एक खोली रिकामी आहे, स्टेशनापासून चालत जाता येतं. सांगून झाल्यावर म्हणाले, "याल का तिकडे?"

"काय काम काढून?" मामा म्हणाले.

"काही नाही काढायचं."

मामांनी पाय लांब केले. "गाडी कुठली पकडायची ते सांगा."

त्यानंतर मामा तिकडे बऱ्याचदा गेले. मी बरोबर गेलो नाही, त्यामुळे तिकडचं मला सांगता येणार नाही. मामींना माहीत आहे. एकदा तर मामा तिथं इतके दिवस राहिले की त्या स्वतः त्यांना आणायला गेल्या, आणि त्याही चार दिवस तिथंच राहिल्या. मामांच्या मुलीनं ते मामींना विचारून लिहावं.